झोपाळ्याच्या फळीवरचा अर्धा सूर्य

सागाच्या जुन्या फळीवरून तेलाचा बोळा फिरवला की एक वास उठतो, किंचित कडवट, किंचित तुपकट, कुठल्याशा भिजून वाळलेल्या रानाची आठवण पोटात धरून असलेला. नवापूरच्या माझ्या गॅलरीत या आठवड्यात तो वास भरून राहिला आहे. खाली महामार्गावर सुरतेकडे जाणाऱ्या गाड्यांची घरघर अखंड चालू असते, आणि तिच्यात हा अरण्यगंध असा अवघडून उभा आहे की आपण चुकीच्या स्टेशनवर उतरलो हे त्याला कळून चुकले असावे. मलाही हल्ली तसेच वाटते. निवृत्तीनंतर विश्रांती मिळेल म्हणतात. मला मिळाला तो नुसता शीण, जो झोपेने जात नाही आणि चहानेही नाही.

ही फळी काकीची. आई लहानपणीच गेली, त्यामुळे मला वाढवले ते या निपुत्रिक काकीने, तापीकाठच्या आमच्या गावी. तिथे ओसरीवर हा झोपाळा होता. दुपारची भाकरी झाली की काकी त्यावर बसायची आणि पायाने हलकेच रेटा देत डोळे मिटायची. तेवढेच तिच्या दिवसातले तिचे स्वतःचे. फळीच्या एका टोकाला, जाडीच्या बाजूवर, एक अर्धवर्तुळ खोल उमटलेले होते आणि त्यातून निघालेल्या चार-दोन रेघा. आम्ही त्याला उगवता सूर्य म्हणत असू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोके घ्यायला जमल्या की काकी आधी त्या सूर्याला कुंकू लावी, हात जोडी, आणि मगच कुणाला बसू देई. कोवळ्या वयाला किती थोडे पुरते! तो सूर्य आमच्या घरावर नजर ठेवून आहे, या एका समजुतीवर मी कितीतरी खोड्या करायच्या टाळल्या.

आता काकीचे गुडघे गेले, गावात सोबत उरली नाही, म्हणून मी तिला इकडे आणले. आली आणि कोमेजलीच. दुपारी पलंगाच्या कडेला बसून राही. डोळा लागत नाही म्हणे. तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितले नव्हते, पण परवा भिंतीकडे बघत म्हणाली, "मन्हा झोका आनशी का व?" मी टेम्पो पाठवून फळी आणि कड्या मागवल्या. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर टेम्पो अडवून फळी उलटीपालटी करून पाहिली गेली, कारण गुजरातच्या या सीमेवर साग दिसला की आधी संशय येतो आणि मग प्रश्न. रानातला साग अजूनही चोरवाटांनी पलीकडे जातो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे; त्याचे आश्चर्य वाटण्याइतकी ताकद आता कुणात नाही.

खांडबाऱ्याहून जयराम सुतार आला. त्याने माप घेतले आणि मान हलवली. फळी गॅलरीपेक्षा वीतभर लांब. एका टोकाकडची भोके आधीच अगदी कडेला होती, तिकडून कापायला जागाच नव्हती. कापायची तर सूर्याच्या बाजूने. त्याने पेन्सिलीची रेघ ओढली आणि सहज थट्टेने विचारले, "लाकूड लई जुनं शे ताई. चोरीनं तं नही ना?"

मी हसले. दारात बसलेली काकी हसली नाही. म्हणाली, "चोरीनंच शे."

मग तिने जे सांगितले ते ऐकताना तेलाचा बोळा माझ्या हातात तसाच राहिला. तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, काळी वरच्या डोंगरात तोडलेला साग पावसाळ्यात नदीत सोडून देत. शेकडो ओंडके, सगळे एका रंगाचे; म्हणून ज्याचा त्याला ओळखू यावा यासाठी प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर व्यापाऱ्याची माणसे लोखंडी हातोड्याने मालकाचा शिक्का ठोकत. काठाला लागलेला शिक्क्याचा ओंडका परत द्यायचा, ही रीत होती. ज्यांना द्यायचा नसे ते शिक्क्याचे टोक कापून चुलीत घालत आणि नदीने दिला म्हणत. आमच्या घरात त्याला 'जावळ काढणं' असा लाडका शब्द होता. घरात नवे मूल यावे तसा ओंडका यायचा, आणि त्याचे जावळ निघायचे. माणूस आपल्या पापालाही किती गोजिरे नाव देतो, नाही?

सासऱ्यांनी बैल लावून हा ओंडका ओढला तेव्हा त्याचे एक तोंड गाळाने लिंपलेले होते. घाईत त्यांनी दिसणाऱ्या तोंडाचेच जावळ काढले. फळ्या पाडल्या, या फळीला भोके पाडली, झोपाळ्यासाठी ती धुतली, आणि गाळाखालून अर्धा शिक्का वर आला. सासूने पटकन त्यावर कुंकू फासले, कारण कुंकू खरवडून खाली काय आहे ते कोण पाहणार होते? म्हणजे आमचा सूर्य असा उगवला होता.

"सासूनी कुंकू झाकाले लायं," काकी म्हणाली. "मी माफी मांगाले लावस."

मला एकदम फार थकल्यासारखे झाले. कुणाची माफी? तो व्यापारी गेला, त्याची माणसे गेली, धरण झाल्यापासून वाहती तापीही गेली. आता नुसते पाणी तुंबून आहे. ज्या डोंगरातून साग आला तिथल्या माणसांना तर तेव्हाही कुणी विचारले नसेल, कुऱ्हाड मात्र त्यांच्याच हातात दिली असेल. या लांबलचक चोरीत आमची एक फळी ती काय? मी काकीला म्हटले, जाऊ दे, कापू दे, तुला झोका मिळेल, दुपारी डोळा लागेल. जयरामने करवत उचलली.

काकीने भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. "कापू नको, पोरी. आजलगुन ते दुसरानं शे, त्यावर मालकनं नाव शे. नाव काढी टाकशी तं खरी चोरी आज व्हई."

जयरामने करवत खाली ठेवली आणि रेघ अंगठ्याने पुसली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. चहा मात्र घेतला.

फळी आता गॅलरीच्या दारातून अर्धी खोलीत आणि अर्धी बाहेर अशी विटांवर टेकवली आहे. येता-जाता मला ती ओलांडावी लागते आणि दर वेळी गुडघा कुरकुरतो. जेवण झाले की काकी तिच्यावर जाऊन बसते, डोळे मिटते, आणि पायाच्या अंगठ्याने फरशीला हलकेच रेटा देते. फळी जागची हलत नाही. ती पुन्हा रेटा देते.