हलका चाकू आणि घसरणारी पँट

सटाण्याहून कॉलेजसाठी नाशिकला निघालो तेव्हा वडिलांनी मला एक नवी पँट आणि एक मिटणारा चाकू दिला. दोन्ही वस्तू गावातच तयार झाल्या होत्या. पँट वाढत्या अंगाची म्हणून कमरेला ऐसपैस होती आणि शिंप्यानं पट्टा ओवायला जागाच ठेवली नव्हती. चाकू लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून केला होता. तो खिशात टाकला की पँट उजवीकडून खाली सरकायची.

चाकू खोलीवर ठेवून जायला हरकत नव्हती. पण निघताना वडील म्हणाले होते, "चाकू खिसामाच ऱ्हाऊ दे." मी हो म्हणालो होतो. त्यामुळे पहिलं वर्षभर मी उजव्या कोपरानं पँट दाबून धरत कॉलेजात वावरलो. खरं तर त्या चाकूनं मी पावाच्या पुड्यांशिवाय काहीच कापलं नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी जाहीर केलं की सोमवारी मी फळ्यासमोर उभं राहून सेमिनार द्यायचा. विषयाची मला भीती होतीच, पण रात्रंदिवस डोळ्यांसमोर दिसत होती ती सगळ्या वर्गादेखत खाली येणारी पँट.

इंदिरानगरच्या खोलीत माझा जोडीदार नांदगावचा होता. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारायचो.

"सटाणा, हलका चाकू घे ना दुसरा," तो म्हणाला. "बापाला सांगितलं चाकू ठेवतो, तर ठेव. वजन किती, हे कुठं बोलले ते?"

मला ते पटलं. फक्त एक अडचण होती. आमच्या घरात कोणतंही पातं कांदा कापून बघितल्याशिवाय विकत घेत नाहीत, आणि तो कांदा आपल्या शेतातला लागतो. कापताना डोळ्यांत पाणी आलं तर पातं बोथट, कारण ते कांदा कापत नाही, चेंगरतं. डोळे कोरडे राहिले तरच पातं घरात येतं. रविवारी वडील येणार होते आणि ते चाकू बघितल्याशिवाय राहणार नव्हते. म्हणून मी पिशवीत घरून आणलेले कांदे घेऊन मेन रोडवरच्या एका कुलपं-बॅटऱ्यांच्या दुकानात गेलो. नांदगाव मजा बघायला आला.

"खिशात ठेवायला हलका चाकू पाहिजे," मी म्हणालो.

"कापायचं काय?" दुकानदारानं विचारलं.

"तसं काही नाही."

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि काउंटरवर तीन-चार चाकू मांडले. मी एकेक खिशात टाकून दारापर्यंत चालत जायचो आणि पँट किती उतरली ते बघून परत यायचो. दर वेळी दुकानदारही काउंटरच्या पलीकडून माझ्यासोबत दारापर्यंत यायचा.

सगळ्यात हलका चाकू मला आवडला. मी वर्तमानपत्राचा तुकडा मागून घेतला, पिशवीतून कांदा काढला आणि कापला. डोळ्यांतून धार लागली. कुलूप घ्यायला आलेल्या एक मावशी थबकल्या.

"काय झालं रे बाळा?"

"काही नाही मावशी, चाकू बघतोय," मी नाक ओढत म्हणालो.

"लय हळवा हे तो," नांदगावनं भर घातली.

दुसऱ्या चाकूला दुकानदारालाही रडू आलं. "अहो, घेऊन टाका काहीतरी," तो डोळे पुसत म्हणाला. मावशी कुलूप न घेताच गेल्या.

तिसरा चाकू अगदी साधा होता, करंगळीएवढ्या मुठीचा. कांद्याच्या चकत्या अलगद पडल्या. माझे डोळे आधीच्या कांद्यांनी इतके भरले होते की काही कळेना, म्हणून इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या नांदगावला कांद्यावर वाकवून त्याचे डोळे तपासले. कोरडे होते. मी तोच चाकू घेतला.

रविवारी वडील बाजरीचं पीठ घेऊन आले. मी नवा चाकू त्यांच्यापुढे ठेवला. तुम्ही दिलेला चाकू जड होतो असं मुलानं बापाला कसं सांगायचं?

"आबा, हा जरा हलका आहे," एवढंच म्हणालो.

त्यांनी चाकू उघडला, मिटला, परत उघडला. मग पिशवीतून कांदा घेऊन कापला. आम्ही दोघं त्यांच्या डोळ्यांकडे टक लावून बसलो.

"डोयामा पानी उनं नही," ते म्हणाले. "चांगला शे."

आणि त्यांनी बंडीच्या खिशातून स्वतःचा चाकू काढून त्या जागी हा टाकला. मग दोन पावलं चालून पाहिलं.

"मनी बंडी रोज एकीकडेच लोंबस," ते म्हणाले. त्यांचा एक खांदा खाली असतो हे मी लहानपणापासून बघत होतो. ओझी उचलून झालं असेल असं वाटायचं.

"हाऊ मी लई जास. तुले मना ऱ्हाऊ दे," म्हणत त्यांनी नवा चाकू खिशातच ठेवला आणि त्यांचा जुना माझ्या हातात दिला. तो माझ्या चाकूपेक्षाही जड होता. ते समाधानानं सरळ खांद्यांनी बसस्टँडकडे निघाले.

"आता?" नांदगावनं विचारलं.

आता माझ्याकडे दोन चाकू होते आणि दोन्ही वडिलांनी दिलेले. कुठलाच मागे ठेवण्याची हिंमत होईना. सोमवारी एकेका खिशात एकेक टाकला. पँट एका बाजूला कलायची थांबली आणि दोन्हीकडून सारखी घसरू लागली. फळ्यासमोर गेल्यावर मी दोन्ही हात खिशांत घातले, चाकू आतून वर उचलून धरले आणि बोलायला सुरुवात केली.

शेवटी सर म्हणाले, "विषय कच्चा आहे. पण उभा किती ऐटीत राहिलास."

मी हात खिशातच ठेवून मान झुकवली आणि जपून जागेवर जाऊन बसलो.