भरलेली बॅटरी

"काका... बाबा इज गॉन." ऑगस्टमधल्या एका सकाळी उमेशच्या मुलीचा, ईशाचा फोन आला तो एवढाच. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. आणि खरं सांगायचं तर ही बातमी कुठल्या भाषेत बरी वाटली असती, मला ठाऊक नाही. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत उभा होतो, हातात कुणाच्या तरी गोळ्या होत्या. त्या नीट पाकिटात भरून दिल्या आणि मग खुर्ची ओढून बसलो. मला ही बातमी मे महिन्यातच कळली होती. उमेशने बोटीची बॅटरी काढून आणायला सांगितलं, त्या दिवशी.

हे समजायला आधी ती बोट सांगायला हवी. उमेश बार्शीचा, मी पुण्याचा. दोघंही न्यूझीलंडला, वेलिंग्टनला शिकायला आलो, एका गारठलेल्या खोलीत राहिलो आणि पुढे एकाच हॉस्पिटलात चिकटलो. मी औषधांत, तो इलेक्ट्रिकल विभागात. त्याचं लग्न झालं, ईशा झाली, जवळच पोरिरुआला चढावर घर झालं, आणि २०१२ च्या सुमारास या गृहस्थाने कुणालाही न विचारता एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट घरी आणली. "अरे, तुला पोहता येत नाही, बोट कशाला?" मी म्हणालो. "पोहता येत नाही म्हणूनच तर बोट," तो म्हणाला. त्याच्याशी वाद घालण्यात कधीच अर्थ नसायचा. वर्षावहिनींनी कपाळाला हात लावला आणि मासे साफ करायची सुरी विकत आणली.

आता गंमत बघा. हॉस्पिटलची वीज गेली तर ज्या बॅटऱ्यांवर ऑपरेशन थिएटर चालतं, त्या सांभाळणं हे उमेशचं काम. त्यांना तो तान्ह्या बाळासारखा जपायचा. स्वतःच्या बोटीची एकुलती एक बॅटरी मात्र दर हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जून ते ऑगस्टात, मारायचा. हिवाळ्याआधी बॅटरी काढायची, घरात कोरड्या जागी चार्जरला लावून ठेवायची, हे बोट असलेल्या कुणालाही माहीत असतं. हा ती बोटीतच जोडून ठेवायचा. ताडपत्रीतून पावसाचं पाणी आत झिरपायचं, ते उपसणारा छोटा पंप आपोआप चालू व्हायचा आणि महिनोन्‌महिने त्या बिचारीला पीत बसायचा. सप्टेंबरात चावी फिरवली की नुसतं 'टक्'. मग टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासायची, बॅटरी उचलून लाँड्रीत आणायची, आणि वहिनींचा आरडाओरडा ऐकत वॉशिंग मशीनशेजारी चार्जरला लावायची. पुरती उतरलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं. त्यामुळे ऑक्टोबरात लेबर वीकेंडच्या सुट्टीला, बोटी पाण्यात सोडायच्या रॅम्पवर आमचा तमाशा ठरलेला. मागे बोटींची रांग, इंजिन गप्प, मी गाडीतून वायरी ओढून आणतोय, आणि मागचा कुणी भला माणूस विचारतोय, "यू राइट, मेट?" उमेश हात हलवून, "स्वीट अ‍ॅज, ब्रो!" जणू काही सगळं याच्या मनासारखंच चाललंय!

मी चिडायचो. मला नियम पाळलेले आवडतात, औषधांच्या धंद्यात दुसरं काही चालत नाही. एकदा वैतागून विचारलं, "एका पान्याचं काम आहे रे, का नाही काढत?" तो गंभीर होऊन म्हणाला, "बॅटरी काढली की बोट बंद केल्यासारखं होतं. पुढच्या रविवारी वारा पडला तर?" वेलिंग्टनच्या हिवाळ्यात वारा पडायची वाट बघणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. जूनमध्ये नाही, जुलैमध्ये नाही, तो रविवार कधीच यायचा नाही. पण उमेश शनिवारी रात्री हवामान बघायचाच.

यंदा एप्रिलमध्ये त्याची पाठ दुखायला लागली. निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. रिपोर्ट मी वाचला. त्याला कुठली औषधं सुरू होणार आणि त्यांच्याकडून किती आशा धरायची, तेही मला कळलं. आशा धरण्यासारखं काही नव्हतं. तरी मी रोज त्याच्याकडे जाऊन "होईल रे ठीक" म्हणत होतो, आणि तो "हो, हो" म्हणत होता.

मेमध्ये एका संध्याकाळी वहिनी चहा करत होत्या. उमेश सोफ्यावर पांघरुणात बसला होता. म्हणाला, "मिलिंद, बोटीतली बॅटरी काढून आण ना. लाँड्रीत ठेव, चार्जरला."

मी हसत हसत त्याचंच वाक्य त्याला परत केलं, "आणि पुढच्या रविवारी वारा पडला तर?"

"नाही पडायचा," तो म्हणाला.

मी बाहेर गेलो. ताडपत्री वर केली, पान्याने नट सैल केले आणि तिथेच बोटीला टेकून रडलो. बॅटरी घेऊन आत आलो तर वहिनी खूश! "बघा भावजी, इतकी वर्षं कानीकपाळी ओरडले, आता अक्कल आली. सप्टेंबरची तयारी चाललीय." उमेशने माझ्याकडे पाहिलं. मी चार्जर लावायला लाँड्रीत गेलो.

त्या हिवाळ्यात तो बहुतेक सोफ्यावरच असायचा. तिथून लाँड्रीतला चार्जरचा दिवा दिसायचा, बॅटरी भरलेली असली की हिरवा. "हिरवा आहे ना?" मधेच विचारायचा. "हिरवा आहे," वहिनी सांगायच्या. शेवटी शेवटी विचारायचाही बंद झाला.

परवा वहिनींनी बोट विकायची ठरवली. घेणाऱ्याला इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो, म्हणून मी बॅटरी जोडली, इंजिन तापू नये म्हणून त्याला बागेतल्या नळाचं पाणी लावलं आणि चावी फिरवली. पहिल्या फटक्यात लागलं! इतक्या वर्षांत कधी नाही ते... आणि स्वयंपाकघराचं दार उघडून वहिनी ओल्या हातांनी पळत आल्या, दरवर्षी यायच्या तशाच. "लागलं का हो?" म्हणाल्या आणि मला पाहून पायरीवर थांबल्या. मी इंजिन बंद केलं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"मला नाही कळलं," त्या म्हणाल्या.

बोट गेली. बॅटरी वहिनींनी दिली नाही. घेणारा म्हणाला, माझी बसवतो. ती पुन्हा लाँड्रीत आहे. त्या दिवशी चार्जरचा प्लग त्यांनी स्वतः लावला. दिवा लाल झाला आणि आम्ही मागे सरायच्या आत हिरवा. तिच्यातलं काही खर्चच झालं नव्हतं.