अर्जात लिहिलेली चूक

बीए झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती केस पेपर काढायची. डहाणू तालुक्यातल्या कासा गावाजवळ एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. तिथल्या खिडकीत बसून मी नाव, गाव, वय लिहून घ्यायचे. आमचं घर सायवनच्या पुढच्या पाड्यावर, त्यामुळे सकाळी जीपने यायचं आणि संध्याकाळी शेवटच्या जीपने परत जायचं. डॉक्टर साताऱ्याकडचे होते, स्वभावाने भले. मराठी इकडे बहुतेकांना कळते, बाजारात आणि कचेरीत तीच चालते. पण दुखणं सांगायची वेळ आली की बायका वारलीत बोलू लागायच्या आणि डॉक्टर मला हाक मारायचे. मी आत जाऊन दोन वाक्यांत सांगायचे आणि परत खिडकीत येऊन बसायचे.

एका सोमवारी रांग पार दाराबाहेर गेली होती. हाक आली म्हणून मी आत गेले, तर एक बाई बोलत होती, माझ्याच वयाची असेल. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. घरात बाळासाठी बांधलेली झोळी अजून तशीच होती; कोणी ती सोडत नव्हतं आणि तिलाही सोडवत नव्हती. पाणी भरायला जायची आणि कशाला आलो तेच विसरून उभी राहायची. असं ती बराच वेळ सांगत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, डोकं दुखतंय, झोप लागत नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली आणि खिडकीसमोर उभी राहिली. केस पेपर पुढे करायच्या आधी म्हणाली, “बाय, त्या दिवशी तू त्याला माझं सांगितलंच नाहीस. मला मराठी कळते.”

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मी उठून तिच्याबरोबर आत गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, मी काय गाळलं होतं तेही. गुरुवारी मुंबईहून समुपदेशन करणाऱ्या मॅडम येतात, तेव्हा हिला बोलावून घे, एवढंच ते म्हणाले.

त्या गुरुवारी मी तासाहून जास्त वेळ त्या दोघींच्या मध्ये बसले आणि शब्द न् शब्द इकडून तिकडे केला. मॅडम फार थोडं बोलल्या. झोळी सोडून टाक, असं त्यांनी म्हटलं नाही. ती कोणी बांधली, कोणत्या साडीची, एवढं विचारलं. बाई रडली, मग पाणी प्यायली आणि पुढच्या गुरुवारी येते म्हणाली. ती चार-पाच वेळा आली.

नंतर मॅडमनी मला विचारलं, “तू हे शिकत का नाहीस? मी कायम येणार नाही. आणि आले तरी मला मध्ये कोणीतरी लागणारच.”

मला वाटलं होतं, मानसशास्त्र घेतलेल्यांनाच हे जमतं. माझे विषय मराठी आणि समाजशास्त्र. मुंबईच्या एका कॉलेजात समुपदेशनाच्या एमएला कुठल्याही शाखेची पदवी चालते, हे त्यांनी सांगितलं. पण अर्जाच्या आधी कागदांच्या मागे लाग, असंही बजावलं. कारण शिष्यवृत्तीशिवाय आमच्याने काही होणार नव्हतं, आणि शिष्यवृत्तीला जातवैधता लागणार होती. आमच्या घरात तोवर कोणी ती काढलेली नव्हती.

वैधतेला जुना पुरावा हवा. आजोबा कधी शाळेतच गेले नव्हते. डहाणूच्या तहसील कचेरीत जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या असतात, त्यात त्यांची नोंद सापडली तर काम होईल, असं कळलं. एक दिवसाची मजुरी सोडून आई माझ्याबरोबर आली. रेकॉर्ड रूममधल्या कारकुनाने साल विचारलं. मला सांगता येईना. नुसत्या गावाच्या नावावर इतक्या वह्या कशा बघायच्या, असं म्हणून तो उठायला लागला, तेव्हा आई म्हणाली, “साहेब, सासू सांगायची, सासरे जन्मले त्याच आठवड्यात शेजारच्या घरी जुळ्या मुली झाल्या.”

कारकून पुन्हा खाली बसला. जुळ्यांच्या नोंदी एकाखाली एक असतात, त्या नजरेला लगेच पडतात, असं म्हणाला. दुपारपर्यंत तो आमच्या गावाच्या वह्या चाळत होता. तिसऱ्या वहीत जुळ्या मुली सापडल्या, आणि त्याच पानावर तीन ओळी खाली माझे आजोबा. आईला वाचता येत नाही. तिने त्या ओळीवर बोट ठेवायला परवानगी मागितली.

प्रमाणपत्र हातात यायला पुढे बरेच महिने गेले. त्यादरम्यान मी अर्ज लिहायला घेतला. त्यात एक निबंध होता: तुम्हाला हा अभ्यासक्रम का करायचा आहे? मी मोबाइलवर नमुने वाचून एक पान तयार केलं. समाजाची सेवा, लहानपणापासूनची आवड, वगैरे. मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, हे कोणी लिहिलंय? त्यांनी कागद परत केला. दुसऱ्या वेळी मी त्या सोमवारबद्दल लिहिलं. मी काय ऐकलं होतं आणि डॉक्टरांना काय सांगितलं होतं. बाईचं गाव मी लिहिलं नाही. हा कागद मॅडमनी दोनदा वाचला आणि फक्त शुद्धलेखन सुधारलं.

मुलाखतीला समोर तिघे बसले होते. मराठीत बोललं तर चालेल का, असं मी आधी विचारून घेतलं. मधल्या बाईंच्या हातात माझा निबंध होता. त्या म्हणाल्या, “बाकीचे आपले गुण लिहितात. तुम्ही चूक का लिहिली?”

“ती झाली नसती तर मी अर्जच केला नसता,” मी म्हटलं.

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. शेजारच्या सरांनी विचारलं, पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत, कसं करणार? मी खरं तेच सांगितलं, की इतरांना एक दिवस लागला तर मला तीन लागतील. ते हसले, पण हसणं वाईट नव्हतं.

यादीत माझं नाव खालून दुसरं होतं. शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत कॉलेजने फीसाठी थांबायची तयारी दाखवली, आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली, आणि पहिल्या काही महिन्यांना माझा साठवलेला पगार पुरला. निघताना वडिलांनी विचारलं, तिथे नेमकं काय शिकवतात? मी म्हटलं, माणसाचं नीट ऐकायला. ते म्हणाले, दोन वर्षं लागतात म्हणजे अवघड असणार.

अवघड होतंच. पहिल्या सत्रात एका विषयात मी नापास झाले आणि वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने रोज दोन पानं वाचून घेत मला त्यातून बाहेर काढलं. आता दुसरं वर्ष चालू आहे. क्षेत्रकार्यासाठी मी तलासरीजवळचं मुलींचं एक वसतिगृह मागून घेतलं. दर बुधवारी तिथे जाते. स्वयंपाकघराशेजारची एक खोली आणि दोन खुर्च्या एवढं मला दिलंय.

आठवीतली एक मुलगी पहिले दोन बुधवार दारातून डोकावून गेली. तिसऱ्या बुधवारी आत येऊन बसली आणि वारलीत विचारलं, “इथं बोललेलं वॉर्डन मॅडमला सांगतेस का?”

कोणाच्या जिवाला धोका असेल तरच, आणि तेही आधी तुला सांगून, असं मी तिला तिच्याच भाषेत समजावलं. तिने खुर्ची थोडी जवळ ओढली. तिचं घर अच्छाडकडे, वडिलांचं हायवेवर टायरचं काम. तिथून सुरुवात करून ती जेवणाची घंटा होईपर्यंत बोलत राहिली. ताट घ्यायला उठताना तिने विचारलं, पुढच्या बुधवारी मी आणखी एकीला पण आणू का?

मी म्हटलं, आण. पण ती येईल तेव्हा तिला एकटीला बसू दे.