वीज आल्यावर सर्व्हर कोण उठवणार?

सन १९९९, महिना एप्रिल, ऐन उन्हाळा. सांगलीत हळदीचे सौदे भरात होते, आमच्या महिला गृहउद्योगाच्या गच्चीवर पापड वाळत होते, आणि खालच्या खोलीत एक नवे यंत्र रुसून बसले होते. किस्से जमवायचे म्हणून कोणी जमवीत नाही. पोळपाटाखाली पीठ साठावे तसे ते आपोआप साठतात. मी या उद्योगाची अध्यक्षा, जुनी मॅट्रिक. वेडावाकडा पापड मी पुन्हा लाटायला लावते, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा हे किस्सेही नीट गोल करूनच वाढते.

आमची वैशाली आष्ट्याची. संगणकाची पदविका घेतलेली. अंगाने किरकोळ, हट्टाने थोर! तिने आमच्या कचेरीत वेब सर्व्हर उभा केला. कोणत्या शाखेने कोणता माल करायचा, ती पाने नव्या यंत्रातला हा प्रोग्राम दाखवी, आणि सातारची शाखा टेलिफोनच्या तारेवरून ती आपल्या पडद्यावर पाही. हाताने सुरू केला की सर्व्हर उत्तम चाले. परंतु वीज जाऊन आली, की कोणाची वाट न पाहता त्याने पडद्यामागे आपणहून कामाला लागावे, ही अपेक्षा मात्र तो काही केल्या पुरी करीना.

वैशाली रडवेली होऊन म्हणाली, “माई, मी उठवला की पळतोय. आपला आपण उठत नाही.”

आमच्या खजिनदार इंदूताई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “त्यात नवल ते काय? आमचे हे तीस वर्षं तसेच आहेत!”

* * *

हसणे एकीकडे, पण इंदूताईंनी कार्यकारिणीत ठरावच आणला : जुलैच्या वार्षिक सभेपर्यंत यंत्र आपणहून सुरू झाले नाही, तर काम पुण्याच्या कंपनीकडे द्यायचे आणि वैशालीची जागा रद्द करायची. वैशाली कोपऱ्यात उभी होती. घरात धाकटी दोन भावंडे शिकत होती, आणि मिळवती हीच.

मी म्हणाले, “आमच्या मुलीला जमेल.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर अध्यक्षाही पुण्याहूनच मागवा!”

* * *

मे महिन्यात वैशाली चुलतबहिणीच्या लग्नाला आष्ट्याला गेली आणि वीज गेली. आल्यावर पडद्यावर इंग्रजी सूचना उमटली : सेवेने, म्हणजे सर्व्हरने, वेळेत उत्तर दिले नाही. मला ती भाषा फार आवडली. वेळेत उत्तर न देणाऱ्याला आमच्या शाळेत बाकावर उभे करीत.

मी हात धुतले, चष्मा पुसला, वैशालीने शिकवल्याप्रमाणे नाव आणि पासवर्ड एका बोटाने टाइप केले आणि सर्व्हर सुरू केला. मग सातारच्या शाखेला फोन लावला. शाखाप्रमुख शांताबाई उंब्रजच्या. आवाज असा, की फोन नसता तरी चालले असते!

“व्हय माई, दिसलं! लय झ्याक दिसलं! पन वैशाली तर लग्नाला गेलीया न्हवं? मग केलं कुनी?”

“मी.”

शांताबाई हळूच म्हणाल्या, “माई, आता आमाला मोटार शिकवू नका म्हंजे झालं!”

* * *

इंदूताईंनी आपल्या जबाबदारीवर पुण्याचे तज्ज्ञ बोलावले. टाय लावून आले. आमच्यादेखत नाव टाकले, पासवर्ड टाकला, बटन दाबले, सर्व्हर सुरू! इंदूताईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू माझी वरातच निघाली.

वैशाली नम्रपणे म्हणाली, “सर, आता मशीन बंद करून परत लावा आणि खुर्चीवरनं उठा. कुणी हात नाही लावायचा.”

यंत्र उठले, सर्व्हर उठला नाही. तज्ज्ञांनी कपाळ पुसले, नवे यंत्र घ्या म्हणाले, चहा घेतला, चकल्या घेतल्या. जाताना मी विचारले, “तुमच्याकडे वीज गेल्यावर काय करता?”

“मॅडम, आमच्याकडे वीज जात नाही!”

* * *

जूनमध्ये शांताबाई माल न्यायला पहिल्या एसटीने आल्या. मी कचेरीचे दार उघडायला गेले, तो बाई अंगणातल्या कोठीच्या कुलपासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. कोठीची किल्ली इंदूताईंकडे, आणि इंदूताई पूजा आटोपून सावकाश येणाऱ्या.

“आवं माई, मी कवाची आलीया! हात हायती, पाय हायती, पोती बी आनलीत. पन माल कुलपात आन् किल्ली मालकिनीच्या कमरंला. मग भरू काय, वारा?”

इंदूताई आल्यावर शांताबाईंनी एवढेच विचारले, “द्येव उठला का न्हाई आज?”

* * *

त्याच आठवड्यात वैशाली माझ्यासमोर बसली. “माई, तुम्ही सर्व्हर लावताना काय काय करता ते सांगा. काहीही गाळू नका.”

गाळणे माझ्या स्वभावात नाही. म्हणाले, “हात धुते. चष्मा पुसते. आपले नाव सांगते, पासवर्ड देते. मग सुरू करते.”

“थांबा! नाव सांगता.” ती उठून उभी राहिली. “आणि तो आपला आपण उठतो तेव्हा कुणाचंच नाव सांगितलेलं नसतंय!”

पुढचे तिने मला समजेल असे सांगितले. दाखवायची पाने होती इंदूताईंच्या संगणकात. इंदूताईंचा तसा आग्रहच होता. तिकडे जायची वाट कोणी नाव-पासवर्ड देऊन आत आले की उघडे. सर्व्हर त्याआधीच उठे, पाने शोधी, वाट बंद दिसली की मुकाट्याने आडवा होई.

“म्हणजे,” वैशाली टाळी वाजवून म्हणाली, “आपला सर्व्हर शांताबाई झालाय, माई! कोठीपुढं उभा!”

तिने सगळी पाने सर्व्हरच्याच पोटात नेऊन ठेवली. “आता शिदोरी त्याच्याजवळच,” म्हणाली. इंदूताईंनी ओठ मुडपले. “सभेत पाहू.”

* * *

जुलैमधला शनिवार, वार्षिक सभा. बाहेर पाऊस, आत सतरंज्यांवर सभासद दाटीवाटीने बसलेल्या. ठराव वाचायला इंदूताई उभ्या राहिल्या आणि दिवे गेले. मागून कोणीतरी म्हणाले, “आली परीक्षा!”

थोड्या वेळाने दिवे आले. शेजारच्या खोलीत यंत्र घरघरल्याचा आवाज झाला. वैशाली उठू लागली.

“बसून राहायचं,” इंदूताई म्हणाल्या. “कुणी आत जायचं नाही. माई, तुम्हीसुद्धा.”

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. वैशाली सतरंजीचा दोरा उसवीत होती. सभेत पंख्याखेरीज काही हलत नव्हते. इंदूताईंनी घड्याळ पाहिले, घसा साफ केला, ठरावाचा कागद पुन्हा उचलला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मी घेतला. सातारा.

“माई, ह्ये काय लावलंय? आत्ता बघतिया तर आमच्या नावापुढं ज्वारीचं पापड! आवं, आमाला नाचनीचं सांगितलं हुतं न्हवं? तुमच्यासारख्या बाईच्या कचेरीत आसली चूक? लाज न्हाई वाटत?”

उभ्या आयुष्यात माझ्या कचेरीतली चूक कोणी मला इतक्या मोठ्याने सांगितली नव्हती.

“शांताबाई,” मी म्हणाले, “ती चूक पुन्हा एकदा वाचा. सावकाश आणि स्पष्ट.”

आणि फोन इंदूताईंच्या कानाला लावला.