नवस माझे, पाय कुसुमचे

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एक महामूर्खपणा केला. नवऱ्याची नोकरी कायम व्हावी म्हणून अंबादेवीला नवस बोलले, आणि बोलले तो त्यांच्या केसांवर. नोकरी पक्की झाली तर हे डोक्यावरचे सगळे केस देतील! त्यांना आधी विचारावं, हे सुचलंच नाही. आमच्या वऱ्हाडात आई मुलाच्या नावानं बोलते, बायको नवऱ्याच्या, आणि फेडायचं ज्याच्या नावानं बोललं त्यानं. देवीनं ऐकलं, तेही नेमकं दिराच्या लग्नाच्या आठवड्यात. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत हे टोपी घालून, माझ्याकडे पाठ फिरवून उभे आहेत.

एवढ्यावर मी शहाणी झाले असेन असं वाटत असेल, तर पुढचं वाचा.

माझी धाकटी बहीण कुसुम अकोल्याला असते. तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, जोखीम आहे." फोनवर ती मात्र एवढंच म्हणाली, "ताई, संत्री आणजो. वरूडची."

संत्र्यांची थैली घेऊन मी निघाले, पण अमरावती सोडण्याआधी अंबादेवीची ओटी भरायला गेले. हात जोडले आणि तोंडातून आपोआप निघालं, "बाई, कुसुम बरी झाली तर बडनेऱ्यापासून तुझ्या दारापर्यंत अनवाणी चालत येईल." कुसुमची टाच गेली कित्येक वर्षं दुखते. घरातही ती चपलेशिवाय फिरत नाही.

एस.टी.त शेजारी मार्थाबाई बसल्या होत्या, बडनेऱ्याच्या, निवृत्त नर्स. बाहेर दोन्ही बाजूंना कपाशी फुटून पांढरी झाली होती, मधूनमधून तुरीचा पिवळा फुलोरा. मी कुसुमचं सांगितलं तसा त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या, "प्रभू, या बाईची बहीण कुसुम. उद्या सकाळी तिचं आपरेशन हाय. डॉक्टरच्या हाताले थरथर येऊ देऊ नको. आमेन."

संपलं! देणं नाही, घेणं नाही. मला राहवेना. मी घाईनं पुस्ती जोडली, "आणि बरी झाली तर कुसुम शेजारणीसोबतचं भांडण मिटवेल."

मार्थाबाईंनी एक डोळा उघडला. "कुसुमबाईले इचारलं का?"

"ती नाही म्हणत नाही," मी म्हणाले. हे धादांत खोटं होतं.

मूर्तिजापूरला गाडी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, "दुसरी गाडी येऊन राहिली." म्हणजे बसा निवांत. आलुबोंडा खाल्ला, तोंड पोळलं, आणि पाणी शोधत समोरच्या बुद्धविहारात शिरले. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया वंदना म्हणत होत्या. एकीनं पाणी दिलं आणि सरकून जागा केली. मी तिच्या कानात विचारलं, "इथं काय बोलायचं असतं?"

"काही मागाचं नसते, मावशी. साऱ्यांचं भलं होवो म्हणाचं अन् शांत बसाचं."

शांत बसणं हा प्रकार मला आयुष्यात जमलेला नाही. गुडघे कुरकुरत होते, मन त्याहून जास्त. साऱ्यांचं भलं होवो हे ठीक, पण त्या गर्दीत कुसुम हरवली तर? वंदना संपेपर्यंत मनातल्या मनात मी तिचं रविवारचं मटण बंद करून टाकलं होतं.

अकोल्यात पोचले तेव्हा दिवस कलला होता. दवाखान्याच्या रस्त्यावरच एक दर्गा. बायका ओंजळ पसरून उभ्या होत्या, पाणी झेलावं तशी. मीही पदर डोक्यावर घेऊन ओंजळ पसरली. फुलंवाल्या म्हातारीनं विचारलं, "किसके लिए?" मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की बहीण बरी झाली की गुलाबाची चादर स्वतः डोक्यावर घेऊन येईल.

म्हातारी मनसोक्त हसली. "वा आजी! मन्नत तुमारी, और पाँव बहन के?"

मीही हसले. पण पुढे दवाखान्याचा जिना चढताना ते हसू टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमला आत नेलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, काय म्हणाली ते कळलं नाही. दार बंद झालं. आता मात्र देवाला द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. कुसुमचे पाय देऊन झाले होते, जीभ देऊन झाली होती, ताट देऊन झालं होतं. मी बाकावर बसून प्रार्थना करू लागले तर शब्दच येईनात. ना नवस, ना मंत्र. नुसतं एकच येत होतं, लहानपणी अंधार पडला की अंगणातून हाक मारायचे तसं, "कुसे, ये. कुसे, घरी ये." हात जोडलेले होते की ओंजळ पसरलेली, मला आठवत नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "झालं व्यवस्थित." मी इतकी रडले की नर्सबाईंनी मलाच पलंगावर निजवलं.

कुसुम घरी आली. चेहऱ्यावर जरा रंग आल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं: अनवाणी चालणं, शेजारीण, मटण, चादर. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थैली भरून दाराशी ठेवली होती. अमरावतीची गाडी गाठायची होती, आणि तिनं डोळे उघडून माझ्यावर राग काढण्याआधी निसटायचंही होतं.

"ताई," ती म्हणाली, "मीबी नवस बोलली होती, आत नेतानी. म्हटलं, मी जिती बाहेर आली तं ताई महिनाभर माह्याकडं राहील, रोज माही वेणी घालून देईल, अन् माह्या भाजीले एकबी नाव ठेवणार नाही. तुले इचारलं नाही, ते आपल्या घरची रीतच हाय. ठेव ते थैली खाली."