रिकामं वाडगं

आमचे विरजणसर कुणाच्याही घरी गेले की पाणी मागत नसत, दही मागत. लग्नाची बोलणी असोत की मयताचं भेटणं, यांचं आपलं "वहिनी, कालचं दही हाय का?" खिशात पेनाऐवजी बुचाच्या काचनळ्या. दह्याच्या वासावरून म्हैस कोणत्या विहिरीचं पाणी प्याली ते सांगायचे. एकदा तर म्हशीच्या मालकाचं आडनाव सांगितलं, आणि तेही बरोबर निघालं. शपथ घेऊन सांगतो.

कऱ्हाडच्या एका कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. करत कसला, कुजत होतो. माझी सगळी भिस्त एका जिवाणूवर. तो सरांना सांगलीजवळच्या एका गावात, अक्का नावाच्या एका बाईंच्या ताकात सापडला. अक्कांनी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाडग्यात प्यायला दिलेलं ताक सरांनी न पिता तसंच झाकून प्रयोगशाळेत आणलं होतं. हा जिवाणू एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा बनवायचा आणि त्यानं दूध नासवणारे जंतू मरायचे. जंतूंनी भरलेल्या बशीत त्याचा थेंब टाकला की भोवती स्वच्छ कडं उमटे. लोकांना मी ते भाकरीएवढं होतं असं सांगतो. होतं रुपयाएवढं.

सर जिवाणूंबद्दल भावकीबद्दल बोलावं तसं बोलत. "एकटा असला की गप असतोय. जमाव झाला की चेव येतोय. ग्रामसभेवानी!" खरंच, दाटी झाल्याशिवाय तो पेप्टाइड बनवतच नसे. "आन इख करणारा आधी सोताचा उतारा करून ठेवतोय, गड्या. तू प्रबंध लिवतोयस, तुझा उतारा कुठाय?" विषाचं आणि उताऱ्याचं, दोन्ही जनुकं मूळ गुणसूत्राबाहेरच्या एका छोट्या वर्तुळावर होती. सर त्याला गाठोडं म्हणत.

दर आठवड्याला मी त्याला नव्या, सकस खाद्यावर वाढवायचो. जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त कुणी ठेवली नसेल. आणि तिसऱ्या वर्षी कडं आटायला लागलं. रुपया, मग आठ आणे, मग मुगाची डाळ, मग काहीच नाही. मी खाद्य बदललं, तापमान बदललं, बशा बदलल्या, शेवटी अंगातला शर्टसुद्धा बदलून पाहिला. जनुकांची तपासणी झाली तेव्हा कळलं, गाठोडंच गायब! आयतं खायला मिळतंय, भांडायला शत्रू नाही, मग ओझं वाहायचं कशाला? त्यानं ते वाटेतच टाकून दिलं होतं.

"लाडानं नासलं रं," सर म्हणाले.

डीप फ्रीजरमध्ये पहिल्या वर्षीच्या नळ्या होत्या. पण फ्रीजर उन्हाळ्यात बंद पडला होता आणि दुरुस्तीचा अर्ज सहीसाठी पडून होता. फ्रीजरपेक्षा तो अर्जच जास्त गारठला होता.

"रडतोस काय? मूळ हाय की अक्कांकडं!" म्हणत सरांनी स्कूटर काढली. सांगलीकडचा रस्ता आम्ही असा कापला की मागचा धुरळा दुसऱ्या दिवशी पोचला.

"अक्का, तुमचं जुनं विरजण पायजे."

"जुनं कुठलं? आवं गुरुजी, तुमचंच लावतोय की कवापासनं!"

वाडगं रिकामं परत करू नये, म्हणून सरांनी दोन दिवाळ्यांमागं त्या वाडग्यात आमच्याच प्रयोगशाळेत वाढलेल्या जिवाणूचं दही लावून अक्कांना नेऊन दिलं होतं. तेव्हाच तो निम्माअर्धा ऐतखाऊ झालेला असणार.

"लय झ्याक लागतंय," अक्का कौतुकानं सांगत होत्या. "आमचं आंबटढाण दिलं टाकून. गुरुजींचं इरजण म्हणून सगळ्या गल्लीला वाटलंय!"

त्यांनी त्याच वाडग्यात ताक पुढं केलं. सर घटाघटा प्याले, म्हणाले, "लय भारी झालंय, अक्का." निघताना अक्कांनी तेच वाडगं पुन्हा भरून हातात दिलं.

वाटेत मी ओरडलो, "सर, त्यांना सांगायचं तरी होतं!"

"काय सांगू? तिनं माझा मान राखला. मान राखणाऱ्या माणसाला चुकलीस म्हणू व्हय?"

नंतर आम्ही त्या गल्लीतलं घरन्‌घर धुंडाळलं. कुत्र्याला घातलेलं ताकही सोडलं नाही. कडं कुठंच नाही. माझी पीएच.डी. झाली, पण विषय बदलून: गाठोडं का हरवतं?

सर निवृत्त होऊन फलटणकडं आपल्या गावी निघाले, त्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली दिली आणि वर ते वाडगं ठेवलं.

"उभ्या जन्मात कुणाला रिकामं भांडं दिलं न्हाई. हे देतोय. कडं उमटंल तवा भरून अक्काला पोच कर."

आता सरही नाहीत. मीही कुणाकडं गेलो की पाणी मागत नाही. परवा कुपवाडच्या एका फिटरच्या घरचं दही लावून पाहिलं. कडं नाही. अक्का थकल्यात, निरोप धाडतात, "माझं वाडगं तेवढं आणून द्या." एका खेपेचं काम. पण रिकामं कसं न्यायचं?