सुनंदाच्या झडपेचा आवाज

भुतंखेतं, अंगात येणं, कौल लावणं... असल्या गोष्टींसाठी मला कधी वेळ नव्हता, आजही नाही. या सदरातले निम्मे अनुभव मला अपचनाचे वाटतात. तरी लिहितेय, कारण हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रोह्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. धाकटी बहीण सुनंदा पेणजवळ हमरापूरला दिलेली. सासरी गणपतीचा कारखाना. मूर्तींचे डोळे तीच आखायची. तिच्या हृदयाची एक झडप मुंबईत बदललेली – जनावराच्या पडद्यापासून बनवलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धातूची झडप टिकटिक वाजते, ही वाजत नाही. पण ही झिजते. म्हणून दरवर्षी इको करायचा, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

आणि ही वाजायला लागली म्हणे! डोळे आखताना कारखान्यात कुणी बोलत नाही, पंखासुद्धा बंद. त्या शांततेत सगळ्यांना टिकटिक ऐकू यायची. झालं – देव हिच्या छातीत येऊन बसला. बायका नारळ घेऊन यायला लागल्या. तिच्या सासूबाईंनी इकोच बंद केला.

"ठोका वाजतोय तवर मशीन कशाला गो?"

सुनंदाही नंदीबैलासारखी मान हलवायची.

मी भांडायलाच गेले. गणपती तोंडावर आलेले, भर दुपार. दारातच सासूबाईंनी मला हाताच्या खुणेने गप्प केलं. आणि मी ऐकलं... टिक, टिक. तिथे घड्याळ नव्हतं. पाल असेल असं कळवणाऱ्यांनी पोस्टाचं तिकीट वाया घालवू नये. पाल इतकी शिस्तीत बोलत नाही.

मग आवाज थांबला. सुनंदाचा ब्रश अर्ध्या डोळ्यावर. तिला काहीच होत नव्हतं. सासूबाई मात्र पांढऱ्याफटक.

"ने तिला पेणला," एवढंच म्हणाल्या.

रिक्षात घालून नेलं. मशीनवाले डॉक्टर नेमके त्या दिवशी आलेले. पडद्यावर बघून म्हणाले, झडपेची एक पाकळी फाटलीय, रक्त उलटं येतंय, घरी नेऊच नका. तशीच मुंबईला नेली. वाचली.

टिकटिकीचं विचारलं तर डॉक्टर हसले, भ्रम म्हणाले. अख्ख्या कारखान्याला एकदम झालेला भ्रम! डॉक्टरांतही भगत असतात.

नवी झडप धातूची. ती खरोखरच वाजते. पुढच्या मोसमात पंखा बंद करून सुनंदा डोळे आखायला बसली. आम्ही सगळे ऐकत होतो. जरा वेळाने तिने ब्रश खाली ठेवला.

"आक्का, हा तो नाय."

नव्हताच. मलाही कळलं. मग तो कुणाचा होता? मला माहीत नाही. आणि ज्यांना माहीत आहे, त्यांच्याशी मला बोलायचं नाही.